जिना, घोडे आणि एकोणचाळीस

मागच्या अंकात मी जिना चढताना पायऱ्या मोजायचा खेळ सुचवला होता. त्यावर आलेल्या पत्रांतलं एक आधी घेते. त्यात मला चांगलंच सुनावलं आहे, आणि ते मला मिळायलाच हवं होतं.

बाई, तुम्ही सांगितलंत म्हणून रोज मुलाबरोबर मोठ्याने पायऱ्या मोजायला लागले. चार दिवस छान गेले. पाचव्या दिवसापासून जिन्यापाशी आलो की तो हात वर करून "कडेवर घे" म्हणतो. साडेचार वर्षांचा आहे आणि अंगाने भरलेला आहे. आता काय करू?
— कंबर धरून बसलेली आई

चूक माझी आहे. मी "मोजा" असं लिहिलं आणि थांबले. कशासाठी मोजायचं ते लिहिलंच नाही. कारण नसताना मोठी माणसं तरी कुठे मोजतात? एका घरात मी अकरा वर्षं राहिले, दिवसातून चारदा जिना चढले-उतरले, आणि पायऱ्या किती हे मला ठाऊक नव्हतं. एका रात्री दिवे गेले. खांद्यावर झोपलेलं मूल होतं, कठड्याला धरायला हात मोकळा नव्हता. त्या रात्री मी पायऱ्या मोजल्या. सतरा. आज इतक्या वर्षांनीही तो सतरा मी विसरलेले नाही, कारण त्या रात्री त्या आकड्याने माझ्यासाठी काम केलं होतं.

या सदरात येणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ मला इथे दिसतं. आपण मुलाकडून आकडे म्हणून घेतो, पण त्या आकड्यांना कामच देत नाही. मग मूल कंटाळलं की आपण म्हणतो, याला गणिताची आवड नाही.

तुमच्यासाठी आता एवढंच: पंधरा दिवस जिन्यावर एक अक्षरही मोजू नका. मग एखाद्या दिवशी खालच्या पायरीवर उभं राहून सहज म्हणा, "मला वाटतं दहा असतील. तुला काय वाटतं?" तो "शंभर" म्हणेल. म्हणू दे. दोघांचे अंदाज कागदावर लिहा (त्याला लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा), आणि मग चढा. आता मोजणं त्यालाच हवं असेल, कारण कोण जिंकलं हे कळायला दुसरा मार्ग नाही. आठवड्याभरात हा जिना संपेल, म्हणजे उत्तर पाठ होईल. मग दुसरा जिना शोधा, किंवा खालून वर आणि वरून खाली उलट मोजा. वरून निघताना कितीपासून सुरुवात केली म्हणजे जमिनीवर पाय टेकताना बरोबर "शून्य" येईल? हे जमवायला मुलांना दोन-तीन फेऱ्या लागतात आणि त्यात ती भयंकर रंगतात.

आणि तो कडेवरच हवंय म्हणाला तर घ्या. मोजू नका.

माझी मुलगी चार वर्षांची आहे. एक ते शंभर न अडखळता म्हणते, पाहुण्यांसमोरही म्हणून दाखवते. पण परवा "मला सात बटणं दे" म्हटलं तर मूठभर बटणं आणून ठेवली. पुन्हा सांगितलं, पुन्हा मूठभर. लक्ष नसतं का तिचं?

लक्ष आहे. तिला अजून सात कळलेला नाही. शंभरपर्यंत म्हणणं ही तिच्या दृष्टीने एक कविता आहे, आणि कविता ती उत्तम म्हणते.

"अमुक इतकी वस्तू मला दे" असं सांगून मूल काय करतं ते पाहणं ही संशोधकांची जुनी, साधी चाचणी आहे. कॅरन विन यांनी १९९० मध्ये तिच्या आधारे दाखवलं की मुलं आकड्यांचा अर्थ एकेक करत शिकतात. आधी फक्त "एक" कळतो. एक मागितलं तर एक देतात, बाकी काहीही मागा, मूठभर देतात. काही महिन्यांनी "दोन" कळतो, मग "तीन". आणि त्यानंतर कधीतरी अचानक सगळंच उलगडतं: मोजताना जो शेवटचा शब्द तोंडी आला, तितक्या वस्तू. बहुतेक मुलांना हे साडेतीन-चारच्या आसपास उमगतं, काहींना उशिरा. तुमची मुलगी कुठवर आली आहे ते पाहायचं तर सात मागू नका. दोन मागा, मग तीन, मग चार. जिथे मूठ येते तिथे तिची सीमा. खेळायचं ते त्या सीमेवर.

खेळ सांगते. माझ्या वर्गात तो दरवर्षी चालायचा. एका खोलीत बाहुल्या, टेडी, मोटारी असे तीन-चार "पाहुणे" ओळीने बसवा. चमचे दुसऱ्या खोलीत. प्रत्येकाला एक चमचा द्यायचा, पण नियम असा की एकाच फेरीत सगळे आणायचे. बाकी काही सांगायचं नाही.

पहिल्या दिवशी ती मूठभर चमचे आणेल आणि उरलेले जमिनीवर पडतील. किंवा दोनच आणेल आणि टेडी उपाशी राहील. तुम्ही "चुकलं" म्हणू नका. टेडीचा रिकामा हात ते सांगतोच आहे, आणि त्याचं म्हणणं तिला लागत नाही. काही दिवसांनी ती निघण्याआधी थबकेल, पाहुण्यांकडे बोट करत पुटपुटेल, आणि तो आकडा तोंडात धरून पळत दुसऱ्या खोलीत जाईल, सांडू नये म्हणून "चार-चार-चार-चार" म्हणत. हे मी कितीतरी मुलांचं पाहिलं आहे आणि दरवेळी मला तितकंच हसू येतं. वस्तू एका खोलीत, आकडा डोक्यात, आणि तो दुसऱ्या खोलीत नेऊन तिथे पुन्हा वस्तू करायचा. यापेक्षा मोठं गणित या वयात नाही.

पाहुण्यांसमोर शंभर म्हणून घेणं मात्र थांबवा. माझे खडू जितके फळ्यावर झिजले, त्याहून जास्त ही सवय सोडवण्यात झिजले.

मी पाच वर्षांच्या नातवासमोर बटणांच्या दोन रांगा लावल्या, दोन्हींत सहा-सहा. "सारख्या आहेत का?" "हो." मग एक रांग पसरवून लांब केली. "आता?" म्हणे, "ही जास्त." मी तीनदा विचारलं, तीनदा तेच. त्याला मोजता येतं. मग असं का?
— एक आजोबा

आजोबा, नकळत तुम्ही एक प्रसिद्ध प्रयोग केलात. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने तो केला आणि १९४१ मध्ये त्यावर लिहिलं. पसरल्याने संख्या बदलत नाही हे लहान मुलांना पटत नाही, लांबी त्यांना फसवते, असं त्याचं म्हणणं. तुमचा नातू वयाप्रमाणेच वागतो आहे.

पण या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त आवडतो. १९७०च्या दशकात मॅकगॅरिगल आणि डोनल्डसन या दोघांनी तोच प्रयोग एक गंमत घालून केला. रांग मोठ्या माणसाने पसरवायची नाही. एक खट्याळ टेडी खोक्यातून बाहेर येतो आणि सगळं विस्कटून टाकतो. मग मुलांना विचारलं. आता "दोन्हींत सारखीच" म्हणणाऱ्या मुलांची संख्या खूप वाढली. मुलं तीच, बटणं तीच. फरक असा की मोठ्या माणसाने मुद्दाम काहीतरी बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की मुलाला वाटतं, आधीचं उत्तर याला पटलेलं दिसत नाही, आता दुसरं द्यावं.

तुम्ही तीनदा विचारलंत ना? पोरगं बिचारं तीनदा विचारात पडलं असेल, आजोबांना नक्की हवंय तरी काय.

आपली ही खोड जाता जात नाही. मूल "पाच" म्हणालं आणि बरोबर असलं तर आपण "शाब्बास" म्हणतो. चुकलं तर "नीट बघ बरं, किती?" म्हणतो. आठवड्यात मुलाला पक्कं कळतं की पुन्हा विचारलं म्हणजे चुकलं. मग ते बटणांकडे बघत नाही, तुमच्या चेहऱ्याकडे बघतं. उपाय म्हणजे बरोबर असतानाही कधीकधी विचारायचं: "तुला कसं कळलं?" अगदी मनापासून, उत्तर ठाऊक नसल्यासारखं. आणि रांगेचा खेळ खेळायचाच तर एक खट्याळ टेडी शोधा. विस्कटायचं काम त्याचं. तुम्ही त्याच्यावर रागवा, नातू टेडीची बाजू घेईल.

आमचा मुलगा पहिलीत आहे. बेरीज करताना बोटं मोजतो. शाळेत सांगतात सवय मोडा. मोडावी का?

नका मोडू. ती आपोआप गळून पडते, आणि घाईने मोडली तर फक्त टेबलाखाली जाते. माझी गेली होती.

एक मात्र बघा. तीन आणि पाच मिळवताना तो आधी तीन बोटं एकदोनतीन करून उभी करतो, मग पाच बोटं एकेक करून, आणि मग सगळी पुन्हा पहिल्यापासून मोजतो का? तसं असेल तर बोटं राहू द्या, मोजण्याची तऱ्हा बदला. त्यासाठी डबीचा खेळ आहे. झाकणाच्या डबीत त्याच्यासमोर पाच बटणं टाका, मोजून, आणि झाकण लावा. मग झाकण किंचित उघडून आणखी एक टाका. "आत किती?" आतलं दिसत नाही, म्हणून पहिल्यापासून मोजता येत नाही. "पाच" मनात धरून पुढे जावंच लागतं. तो सांगेल, मग झाकण उघडून खात्री. पुढे दोन टाका, तीन टाका. काही दिवसांनी बाहेर काढायला लागा.

मार्टिन ह्यूज यांनी १९८६ मध्ये डबीच्या अशाच खेळाबद्दल लिहिलं आहे. शाळेत न गेलेल्या मुलांना "दोन आणि एक किती?" असं कोरडं विचारलं तर ती गप्प बसायची, पण डबीत दोन ठोकळे आहेत आणि आणखी एक टाकला म्हटलं की बरोबर सांगायची. कोरड्या प्रश्नावर मुलं गोंधळतात त्यात नवल नाही. दोन काय?

बोटांचा एक खेळही खेळा. तुम्ही आकडा म्हणायचा, त्याने तितकी बोटं एकदम दाखवायची, एकेक उघडायची नाहीत. "सात!" एक पंजा आणि दोन. काही दिवसांत सात म्हणजे पाच आणि दोन हे त्याच्या हातांनाच पाठ होतं, आणि मोजणं आपोआप मागे पडतं.

दुसरीतली मुलगी "त्रेचाळीस" ऐकून ३४ लिहिते. "पंचवीस"चे ५२. वहीभर लाल रेघा. सगळे म्हणतात निष्काळजी आहे.

निष्काळजी मुळीच नाही. ती फार काळजीपूर्वक ऐकते आहे. स्वतः मोठ्याने म्हणून बघा: त्रे... चाळीस. आधी काय ऐकू आलं? तीन. मग चाळीस. तिने आधी तीन लिहिला, मग चार. जसं कानावर पडलं तसं. आपल्या भाषेत बोलताना एकक आधी आणि दशक मागून येतो, लिहिताना उलट. आपल्याला आता हे खटकत नाही, कारण आपण "त्रेचाळीस"चे तुकडे पाडतच नाही, अख्खा शब्द गिळतो.

जर्मन मुलांचंही हेच दुखणं आहे. तिथेही "तीन-आणि-चाळीस" म्हणतात. चिनी भाषेत मात्र त्रेचाळीस म्हणजे सरळ "चार-दहा-तीन", अकरा म्हणजे "दहा-एक". म्हणायचं तसंच लिहायचं. आपल्या मुलांना मात्र शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक शब्द वेगळा शिकावा लागतो. "पंचवीस", "पस्तीस", "पंचेचाळीस", "पंचावन्न", "पासष्ट": त्यातला पाच दरवेळी नवा वेश घालून येतो. वहीतल्या त्या लाल रेघांमागे एवढं सगळं आहे, हे घरच्यांना एकदा सांगा.

आता खेळ. पन्नासेक स्ट्रॉ किंवा सपाट लाकडी काड्या घ्या आणि थोडे रबरबँड. दहा-दहाच्या जुड्या तिलाच बांधू द्या. तयार जुड्या देऊ नका, बांधण्यातच तर दहा आहे. एकाने आकडा म्हणायचा, दुसऱ्याने मांडायचा, लिहायचं सगळ्यात शेवटी. मांडताना युक्ती अशी: ऐकू येईल त्या क्रमाने मांडायचं, पण उजवीकडून डावीकडे. "त्रे": उजव्या हाताला तीन सुट्या काड्या. "चाळीस": त्यांच्या डावीकडे चार जुड्या. मांडून झाल्यावर डावीकडून बघत लिहायचं. चार जुड्या, तीन सुट्या. ४३. तोंडचा क्रम आणि कागदावरचा क्रम यांचं भांडण मधल्या काड्या मिटवतात. महिनाभर रोज पाच-सहा आकडे पुरे. आणि तुमचीही पाळी घ्या. मुलीने आकडा सांगायचा, तुम्ही मांडायचा, अधूनमधून मुद्दाम चुकायचं. आईला पकडण्याइतका आनंद कशातच नसतो.

हे जमलं की "एकोण"वर या. माझा तर हा लाडका शब्द आहे. एकोण म्हणजे "एक ऊन", एक कमी. एकोणचाळीस म्हणजे चाळिसाला एक कमी. इतका शहाणा शब्द आणि आपण तो मुलांना नुसता पाठ करायला लावतो! "एकोणचाळीस" म्हटलं की तिला आधी चार पूर्ण जुड्या मांडू द्या. आता एक काडी काढ. काढणार कशी? जुडी बांधलेली आहे. रबर सोडावा लागतो. एक काडी बाजूला गेली, नऊ सुट्या उरल्या, जुड्या राहिल्या तीन. ३९. चाळीस ऐकू आला तरी लिहिताना तीन का येतो, हे तिच्या हातांनी बघितलं. पुढे वजाबाकीत "उसना घे" म्हणतील तेव्हा तिला काही नवं वाटणार नाही. रबर सोडण्यालाच उसना म्हणतात.

एकोणीस, एकोणतीस असं करत एकोणनव्वदपर्यंत हे बरोबर चालतं. मग ती विचारेल, नव्याण्णवचं काय? "एकोणशंभर" का नाही? माझ्या वर्गातल्या एका मुलाने मला हे विचारलं होतं आणि नंतर वर्षभर तो एकोणशंभरच म्हणत राहिला. मी दुरुस्त केलं नाही.

माझं गणित कच्चं होतं, अजूनही भीती वाटते. मुलाचा अभ्यास घेताना आवाज चढतो आणि मग दोघंही रडतो. माझ्यामुळे त्याचं नुकसान होतंय का?

प्रामाणिकपणे विचारलंत, म्हणून आडपडदा न ठेवता सांगते. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या पालकांना गणिताची खूप धास्ती होती आणि जे वारंवार गृहपाठ घ्यायला बसायचे, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची भीतीही वाढली. पण तितकेच घाबरट पालक गृहपाठात फारसे पडत नसतील, तर तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे तुमची भीती ही अडचण नाही. भीती घेऊन वहीशेजारी बसणं ही अडचण आहे. गृहपाठ काही दिवस घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. कुणीच नसेल तर शाळेत सरळ सांगा की चुकीचा आला तरी चालेल, तो त्याचा त्याने केलेला असेल. आणि त्याच्यासमोर "मलाही कधी जमलं नाही" म्हणू नका. त्याला ते सांत्वन वाटत नाही, घराण्याचा वारसा वाटतो.

तुम्ही पत्ते घ्या. राजा, राणी, गुलाम काढून टाका, एक्का म्हणजे एक. पानं दोघांत वाटायची, पालथी ठेवायची, दोघांनी एकेक उलटायचं, मोठं पान जिंकतं. हे जुनंच. त्यात भर अशी की जिंकणाऱ्याने फरकाइतकी बटणं ढिगातून घ्यायची. नऊ विरुद्ध चार, तर पाच बटणं. वाटलं तर पानावरचे बदाम बोटाने झाकून ठरवा. इथे तुम्हाला काही शिकवायचं नाही, फक्त जिंकायचा प्रयत्न करायचा आहे, आणि तुमचं गणित कच्चं असेल तर लढत बरोबरीची होईल.

माझ्याविषयीही सांगून टाकते. लहानपणी आठ आणि पाच मला थेट यायचे नाहीत. मी पाचातले दोन चोरून आठाला द्यायचे, दहा करायचे, मग उरलेले तीन. वर्गात बाकीचे फटकन "तेरा" म्हणायचे आणि मला वाटायचं, मी लबाडी करते. कुणाला सांगितलं नाही. पुढे शिक्षिका झाले, प्रशिक्षणात "दहा करून बेरीज" असा धडा आला, चित्रासकट. माझी चोरी, छापील! त्या दिवशी मी घरी येऊन हसले की रडले ते आता आठवत नाही. अजूनही आठ आणि पाच मी तसेच करते.

गणिताची ॲप चांगली की वाईट?

वाईट नाहीत. पण मूल स्वतःच्या उत्तरावर शंका घेण्याआधीच ती टिंग करून मोकळी होतात, आणि "तुला कसं कळलं?" हे विचारत नाहीत. प्रवासात चालतील.

मुलगी साडेसात वर्षांची. वर्षभर खेळ, काड्या, सगळं केलं. अजूनही सहा मोठे की नऊ हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही, फाशावरचे पाच ठिपके दरवेळी मोजते. वाचन उत्तम आहे.

मग खेळांवर थांबू नका. डोळे तपासून घ्या आणि शिकण्यातल्या अडचणी तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या. डिस्कॅल्क्युलिया नावाची, आकडे समजण्यातली अडचण असते, शंभरातल्या तीन ते सात मुलांना ती असावी असा सर्वसाधारण अंदाज आहे, आणि बुद्धी किंवा वाचन चांगलं असतानाही ती असू शकते. वर्षभर तुम्ही जे टिपलंत ते लिहून सोबत न्या. ठिपक्यांचं तुमचं निरीक्षण फार नेमकं आहे, ते आधी सांगा.

सापशिडी खेळताना मुलगा (सहा वर्षं) ज्या घरात उभा असतो तेच "एक" धरतो. त्यामुळे दरवेळी एक घर मागे राहतो, मग चिडतो, मग पट उधळतो. आणि दोन फाशांचा काही चांगला खेळ आहे का?

उभं असलेलं घर मोजणं ही सहा वर्षांच्या मुलांची सार्वत्रिक चूक आहे. तो घरं मोजतो आहे, मोजायच्या असतात उड्या. सोंगटीला आवाज द्या. हवेत उचलली तोवर काही म्हणायचं नाही, टेकली की "टप् एक", "टप् दोन". आवाज उडीचा असल्याने उभ्या घराला मिळतच नाही. दोन डावांत सुटतं.

पण सापशिडीचा पट या वयाला अवघडच आहे. आकडे खालून सुरू होतात, एक ओळ उजवीकडे जाते, पुढची डावीकडे. मुलाला रस्ता सापडत नाही, मग आकडा काय सापडणार? त्याआधी कागदाची एक लांब पट्टी घ्या, सरळ रेषेत एक ते दहा घरं, डावीकडून उजवीकडे. सीगलर आणि रमाणी यांनी २००८ मध्ये असाच सरळ पट चार-पाच वर्षांच्या मुलांना खेळायला दिला. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका, बस्स. तेवढ्यावर मुलांची आकड्यांची समज चांगली वाढली. आकड्यांऐवजी रंगांचा पट खेळलेल्यांची तशी वाढली नाही. एक पथ्य: सोंगटी चारवर असेल आणि फासा दोनचा पडला तर "एक, दोन" म्हणू नका, "पाच, सहा" म्हणा, घराचे आकडे वाचत.

चिडण्याबद्दल: डाव छोटा ठेवा. दहा घरांचा डाव दोन मिनिटांत संपतो, हरण्याचं दुःखही तेवढंच टिकतं.

दोन फाशांसाठी घोड्यांची शर्यत. मोठ्या कागदावर बारा रांगा आखा, प्रत्येकीत आठ घरं, रांगांना एक ते बारा क्रमांक. प्रत्येक रांगेच्या सुरुवातीला एक बटण, तो घोडा. प्रत्येकाने आपला घोडा निवडायचा. दोन फासे टाकायचे, ठिपक्यांची बेरीज येईल त्या क्रमांकाचा घोडा एक घर पुढे. जो आधी पोचेल तो जिंकला. पहिल्या दिवशी मुलं आवडीचा आकडा निवडतात, स्वतःचं वय, नाहीतर "सगळ्यात मोठा" म्हणून बारा. बारावाला डावभर एखाद-दुसरं घर हलतो. दोन फासे छत्तीस तऱ्हांनी पडू शकतात. त्यातल्या सहा तऱ्हांनी सात येतो, बारा मात्र एकाच तऱ्हेने, दोन्हींवर सहा आले तरच. हे तुम्ही सांगायचं नाही. पाच-सहा शर्यतींत मुलगा सात, सहा किंवा आठवर हक्क सांगायला लागेल आणि तुम्हाला बारावा घोडा देऊ करेल. घ्या तो. मग एखाद्या संध्याकाळी विचारा, "सातवालाच का रे पळतो?" आणि गप्प बसा.

एक क्रमांकाचा घोडा पटावर मी मुद्दाम ठेवला आहे. तो बिचारा का हलत नाही हे मुलाच्या लक्षात यायला कधीकधी आठवडा लागतो. मध्ये बोलू नका.